थंडोबाचा आवाज

"काही नाही बाबा, शांत बसून राहा," लेक म्हणाली, आणि थंडोबाने सीटची कड घट्ट धरली.

दोन माणसांच्या त्या एवढ्याशा विमानाचं इंजिन नुकतंच खोकत खोकत बंद पडलं होतं. समोरचं पातं वाऱ्यावर नुसतंच फिरत होतं. पण तो खरा घाबरला ते लेकीच्या वाक्याने. ते वाक्य त्याचं स्वतःचं होतं.

उभा जन्म त्याने बस चालवली. काहीही झालं तरी गड्याचा आवाज चढत नसे, म्हणून डेपोत त्याला थंडोबा म्हणत. एकदा भर उतारावर ब्रेक गेले, तेव्हाही तो असंच म्हणाला होता, "काही नाही, बसून राहा." लोक निवांत बसून राहिले. गाडी मातीच्या ढिगात घालून खाली उतरताना त्याचे गुडघे लटपटत होते, पण ते कुणाला कळलं नाही. निदान त्याचा तरी तसा समज होता.

लायसन्स मिळाल्यावर लेकीने पहिला प्रवासी म्हणून हौसेने बापालाच बसवलं, तर हे असं झालं.

ती इंधनाची टाकी बदलून बघत होती, किल्ली फिरवत होती, रेडिओवर ठिकाण सांगत होती. इंजिन काही केल्या लागेना. शेतं भराभर वर येत होती. थंडोबाचा पाय आपसूक त्याच्या बाजूच्या पॅडलवर ब्रेक शोधू लागला.

"बाबा, पॅडलवरून पाय काढा."

"लागेल ना गं इंजिन?"

"नाही. त्या कापणी झालेल्या शेतात उतरते. तुमच्या बाजूचं दार उघडा."

"आत्ता? हवेत?"

"आपटल्यावर दार अडकतं. एक बूट काढा, फटीत घाला."

जन्मभर प्रवाशांना दार लावायला सांगणाऱ्या माणसाने दार उघडलं. बूट कोंबताना त्याला लेकीचा चेहरा दिसला. आवाज गार होता, पण हनुवटी हलत होती. आपलं जगून झालंय, हिचं तर आत्ता कुठे सुरू होतंय, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला.

"मी बसलोय," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

चाकं आपटली, उसळली, पुन्हा आपटली. विमान धडधडत गेलं आणि कुंपणाच्या अलीकडे थांबलं.

दोघं बाहेर पडली. लेक तिथेच मातीत बसली. एवढ्यात थंडोबाचा फोन वाजला. बायको होती. लेकीने मान हलवली. तिला बोलणं जमणार नव्हतं.

"काही नाही गं," तो म्हणाला. "जरा उशीर होईल. तू जेवून घे."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"दोघं आहात ना?" बायकोने विचारलं.

इतक्या वर्षांत आपल्या त्या थंड आवाजावर तिने एकदाही विश्वास ठेवला नव्हता, हे त्याला आत्ता कळलं.

"आहोत," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

त्याच्या एका पायात नुसता मोजा होता, त्यातून धसकटं टोचत होती. लेक उठली, दारातला बूट ओढून घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसून नाडी बांधू लागली. तिची बोटं इतकी कापत होती की गाठ बसेना. त्याने पाय मागे घेतला नाही.