शंभर हर्ट्झच्या खाली

स्टुडिओत रेयोने गिटारमधला शंभर हर्ट्झच्या खालचा सगळा घुमारा छाटला, तसा गिटार वाजवणारा यार्क्को खुर्चीतून उठलाच.

"अरे, ही गिटार आहे की डास?"

"गिटार एकटी ऐकू नकोस, सगळ्या वाद्यांसकट ऐक," रेयो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. तीस वर्षं तो असल्याच बँडची गाणी मिसळत आला होता. "प्रत्येक गिटारवाला इथेच फसतो. बारीक वाटली की तिला पोट लावून मागतो. मग बेसने बसायचं कुठे?"

बेस वाजवणारी साइमी खिडकीशी उभी होती. खाली, टाम्पेरेच्या जुन्या गिरणीच्या अंगणात, उणे दहा अंशांच्या थंडीत तिची तान्ही पिहला बाबागाडीत झोपली होती. इकडे सगळ्यांचीच पोरं दुपारी अशी बाहेर झोपतात. तरीही साइमी दर दोन मिनिटांनी पांघरुणाची हालचाल शोधत होती.

"रेयोचं बरोबर आहे," ती म्हणाली. "चार गाणी झाली, मी कुठेच नाही."

"आहेस गं. जाणवतेस."

"जाणवते? मी काय भिंतीतली ओल आहे?"

रेयो खदखदून हसला. यार्क्को हसला नाही.

वसंतातल्या दौऱ्यावर तिच्या जागी दुसरं कुणी जाणार, हे तिने मान्य केलं होतं. तान्ह्या मुलीला व्हॅनमध्ये घालून सतरा गावं फिरता येत नाहीत. पण हा अल्बम तिचा होता. सातव्या महिन्यात, पोटावर बेस तिरका टेकवून तिने आठही गाणी वाजवली होती. बँडमधल्या नऊ वर्षांतलं तेवढंच हाती राहणार होतं.

"आता बेसचा थोडा वरचा भाग उचलतो," रेयो म्हणाला. "म्हणजे तारही ऐकू येईल."

"ते नको," यार्क्को घाईने म्हणाला. "नुसता घुमारा पुरे."

"का रे? चांगलं वाजवलंय की."

गाणं सुरू झालं. गिटार बारीक वाटेनाशी झाली. तिच्या पायाखाली जमीन आली होती. आणि बेसचा एकेक सूर सुटा उभा राहिला. टक्. टक्. टक्. प्रत्येक सुराच्या तोंडाशी तार छेडायच्या प्लास्टिकच्या पिकचा कडक आघात.

साइमी बोटांनी वाजवायची. पिक तिने कधी हातातही धरलं नव्हतं.

तिने यार्क्कोकडे पाहिलं. तो रिकाम्या कपात चमचा फिरवत होता.

"तुझं तालात थोडं मागेपुढे होत होतं," तो म्हणाला. "तू दवाखान्यात होतीस. तुला कुठे त्रास द्यायचा, म्हणून मीच…"

"किती गाणी?"

"आठही."

रेयोने गाणं थांबवलं. "मला वाटलं, तुला सांगितलंय."

"नाव तुझंच छापणार आहोत गं," यार्क्को म्हणाला.

साइमीने कोट चढवला. बटणं लावायला तिला बराच वेळ लागला.

"बेस अजून वर घे, रेयो," ती म्हणाली. "ऐकू येऊ दे."

ती निम्मा जिना उतरली तेव्हा वर गाणं पुन्हा सुरू झालं. बंद दारातून गिटार येत नव्हती. नुसता बेस येत होता, कुठेही मागेपुढे न होणारा.