पान चौदावरचा भोपळा

त्या माणसाचं हे पाचवं पत्र होतं, आणि मास्तरीणबाईंनी पाकीट उघडायच्या आधीच नाक मुरडलं. नुसतं अक्षर बघून. एकेक अक्षर सुटं, कोरून काढल्यासारखं, ओळ जराही खाली उतरलेली नाही. असं अक्षर काढणाऱ्या माणसाला स्वयंपाक येणं शक्य नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं. हे मत त्यांनी कधी तपासून पाहिलेलं नव्हतं, पण आपली मतं तपासायची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती.

त्या कुठल्याही शाळेत शिकवत नव्हत्या. एका मोठ्या डेअरीच्या दुसऱ्या मजल्यावर, प्रयोगासाठी बांधलेल्या स्वयंपाकघरात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. डेअरीत जे घट्ट दही तयार होई त्याचे पदार्थ करून बघायचे, जमले की ते कसे करायचे हे कागदावर उतरवायचं, आणि मग ती पुस्तिका डब्याबरोबर घरोघर जायची, असं त्यांचं काम. समोर येईल त्याला त्या अशा काही झापत की खालच्या मजल्यावरच्या लोकांनी त्यांना मास्तरीणबाई हे नाव ठेवलं. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना रागबिग आला नाही. उलट, निदान एक गोष्ट तरी या लोकांच्या नीट लक्षात आली, असं त्यांना वाटलं.

बाकी लोकांच्या अकलेबद्दल त्यांना काडीची आशा नव्हती. साधं दही कापडात बांधून टांगलं, पाणी निथळू दिलं की घट्ट होतं. पण डब्यावर 'ग्रीक योगर्ट' छापल्याशिवाय लोक त्याला हात लावत नाहीत, आणि छापलं की तेच दही हळू आवाजात कौतुक करत खातात. त्यात साखर घालणारे एक मूर्ख. चेहऱ्याला फासणारे दुसरे. आणि तोंडात बोट घालून 'आंबट आहे हो' अशी तक्रार करणाऱ्यांशी तर त्या बोलतही नसत. दही आंबट नसणार तर काय तिखट असणार?

त्या तुच्छ मानत नसत अशी जगात एकच गोष्ट होती, ती म्हणजे ते दही. रोज सकाळी दहाच्या सुमाराला खालून पहिली वाटी वर येई. त्या खिडकीशी उभ्या राहत, चमचा उभा खुपसत आणि तो सरळ उभा राहिलेला बघून मान हलवत. मग वर मिठाची चिमूट, बाकी काही नाही. पहिला घास जिभेवर ठेवला की तो वितळायला वेळ घेई, आधी गार लागे, मग आंबट, आणि अगदी शेवटी सायीची बारीकशी गोडी येई. एवढा वेळ त्या कुणालाही काही बोलत नसत, आणि म्हणून हाताखालचे लोक त्याच वेळेला रजेचे अर्ज घेऊन येत.

तर पाचवं पत्र. 'पान चौदा, दह्यातला भोपळा. काल पुन्हा फाटला. भोपळा चारशे ग्रॅम, कांदा ऐंशी ग्रॅम, पाणी दोनशे मिलिलिटर, दही दोनशे ग्रॅम. सर्व आपण लिहिल्याप्रमाणे. दाणे वेगळे, पाणी वेगळे. ही बारावी वेळ. कृपया चूक कळवावी.'

पहिल्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं होतं, ताजं दही वापरा. दुसऱ्याला, पातेलं बदला. तिसऱ्याला, घाई करू नका. चौथ्या उत्तरात त्यांनी लिहिलं होतं, 'काही जणांचा हात मुळातच बसत नाही. अशांनी दही नुसतं खावं.' हे वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं होतं आणि त्यांना दिवसभर बरं वाटलं होतं.

पण या वेळी त्या दीडशहाण्याने पत्राची एक प्रत थेट साहेबांना पाठवली होती. साहेब वयाने बाईंपेक्षा लहान, दही विकायचं कळे, लावायचं कळत नसे. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, सोमवारी पुस्तक छापायला जायचंय."

हे त्यांना सांगायला नको होतं. सव्वीस वर्षं त्यांच्या पुस्तिका निनावी गेल्या होत्या. कुणाच्या फ्रीजवर चिकटल्या, कुणाच्या कचऱ्यात गेल्या, पण खाली कधी नाव नव्हतं. आता निवडक साठ पदार्थांचं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक निघणार होतं आणि त्याच्यावर, दह्याच्या चित्राच्या खाली, त्यांचं नाव असणार होतं. कच्चा खर्डा त्यांनी उशाशी ठेवला होता. हे कुणाला कळलं असतं तर त्यांनी त्याचा जीव घेतला असता.

"जाऊ दे की," त्या म्हणाल्या.

"पण हा माणूस म्हणतो बारा वेळा फाटलं. हे मिटल्याशिवाय मी पुस्तक पाठवणार नाही. उद्या असे शंभर लोक लिहायला लागले तर?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग बोलवा त्याला! माझ्या ओट्यावर, माझ्या डोळ्यांदेखत करू दे. कुठे शेण खातो ते तुम्हीही बघा."

तो गुरुवारी अकराला आला. अकराला म्हणजे अकराला. किडकिडीत, कडक इस्त्रीचा शर्ट, पायांतले बूट दारातच फडक्याला पुसले. एका दवाखान्यात चौतीस वर्षं कंपाउंडर होता म्हणे, पुड्या बांधण्यात आणि औषधं मोजण्यात जन्म गेला. बरोबर पिशवी होती. त्यातून त्याने स्वतःचा तराजू काढून ओट्यावर ठेवला.

"आमच्याकडे आहे हो वजनकाटा," साहेब म्हणाले. "बसा ना काका आधी."

"असेल. पण याची मला सवय आहे."

भोपळ्याला तराजू! बाईंनी साहेबांकडे बघून ओठ दाबले. त्यांना आता मजा यायला लागली होती. त्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. त्यांनी फ्रीजमधून काढलेला डबा त्याच्यासमोर ठेवला, लागेल ते सामान मांडलं आणि म्हणाल्या, "करा. मी एक शब्द बोलणार नाही."

त्याने पुस्तिका उघडून पान चौदा समोर उभं केलं. एक ओळ वाचायची, तिच्यावर बोट ठेवायचं, तेवढंच करायचं, मग पुढच्या ओळीवर जायचं. कांदा चिरला तोसुद्धा गोळ्या मोजल्यासारखा. तेलात मऊ केला, भोपळ्याच्या फोडी घातल्या, पाणी मोजून ओतलं, शिजल्यावर घोटून एकजीव केलं. बाई वाट बघत होत्या. कुठेतरी हा गाढवपणा करणार. आच मोठी ठेवेल, नाहीतर पळी भलतीकडेच फिरवेल. पण तो काहीच करेना. शेवटची ओळ त्याने मोठ्याने वाचली.

"'मंद आचेवर दही घालून हलक्या हाताने ढवळावे.'"

त्याने आच मंद केली, घड्याळ बघितलं, गार दही मापाने काढून पातेल्यात घातलं आणि हलक्या हाताने ढवळलं. तिघंही वाकून बघत होते. अर्ध्या मिनिटात पातेल्यात दाणे दिसायला लागले, मग कडेने पाणी सुटलं, आणि तो छान केशरी भोपळा नासलेल्या दुधासारखा दिसायला लागला.

"तेरा," कंपाउंडर म्हणाला.

"बघितलंत?" बाईंनी टाळी वाजवली. "मी म्हटलं नव्हतं? हात! हाताला काही कळावं लागतं."

"पण बाई," साहेब पातेल्यात बघत म्हणाले, "लिहिलंय तसंच केलं की त्यांनी."

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की एरवी साहेबांनी विषय बदलला असता. आज बदलला नाही. सोमवार जवळ आला होता.

"व्हा बाजूला," त्या म्हणाल्या. दुसरं पातेलं चढवलं. वीस मिनिटांत भोपळा घोटून तयार. बोलता बोलता, कुणाकडेही न बघता, त्यांचे हात चालले होते. शेगडीजवळच्या वाडग्यातलं दही त्यांनी पुढे ओढलं.

"हे डब्यातलं नाही," कंपाउंडर म्हणाला.

"डब्यातलंच आहे. सकाळी काढून ठेवलंय. गारढोण घालतात का कुणी?"

"हे कुठे लिहिलंय?"

बाईंनी दही फेटून लोण्यासारखं केलं, पातेलं उचलून शेगडीवरून ओट्यावर घेतलं.

"हे कुठे लिहिलंय?"

"अहो, मंद आच म्हणजे..." त्या थांबल्या. "ते कळतं माणसाला."

मग त्यांनी पळीभर गरम रस्सा काढून दह्याच्या वाडग्यात ओतला आणि फेटला. पुन्हा एक पळी, पुन्हा फेटणं, पुन्हा एक पळी. दही हळूहळू पातळ आणि कोमट झालं, तेव्हा ते सगळं पातेल्यात उलटलं. एक दाणा नाही. भोपळा असा तकाकत होता की साहेबांनी न विचारताच चमचा घातला.

बाईंनी विजयाने मान वर केली. आता तिसऱ्यांदा तोच प्रश्न येणार, याची त्यांनी तयारी ठेवली होती. एवढी साधी गोष्ट लिहायची नसते, ज्याला कळत नाही त्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये, आणि घरातल्या बाईमाणसाला विचारायला काय जीभ झडते का, असं सगळं जिभेच्या टोकावर होतं. पण तो काही विचारीना. तो त्यांच्या हातातल्या पळीकडे बघत होता.

"परत करा," तो म्हणाला. "ते पळीचं."

"काय परत करा? झालंय आता."

"नुसता हात करून दाखवा."

बाईंनी वैतागून रिकामी पळी उचलली, इथून घेतल्यासारखं केलं, तिथे ओतल्यासारखं केलं. इथून तिथे. इथून तिथे.

"असंच करत होती ती," कंपाउंडर म्हणाले.

"कोण?"

"आमची मंडळी. सात महिने झाले, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पातळ काही घशात गेलं की ठसका लागतो, जीव घाबरा होतो. तुमचं दही मात्र नीट उतरतं. दोन वेळा खाते. पण रोज नुसतं तेच किती खाणार? मी पुस्तिका समोर धरली तर तिने डावं बोट या पानावर ठेवलं." त्यांनी पान चौदावर बोट ठेवलं. "दर वेळी फाटायचं. पाणी वेगळं व्हायचं, तिला ठसका लागायचा. आणि ती डाव्या हाताने असं असं करायची. मला वाटायचं, वाटी बाजूला कर म्हणतेय. नको म्हणतेय. बारा वेळा मी वाटी उचलून नेली."

साहेबांनी चमचा खाली ठेवला. बाईंच्या जिभेच्या टोकावर मघाचं सगळं अजून तसंच होतं, आणि ते गिळावं तर गिळवत नव्हतं. कुणाची तरी बायको अंथरुणातून, एका हाताने, आपण न लिहिलेली ओळ सांगत होती, आणि आपण इथून उत्तर पाठवलं होतं की हात मुळातच बसत नाही. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. इतक्या वर्षांत ती कधी वाटली नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं हेच त्यांना कळेना.

"अहो, मला वाटलं एवढं सगळ्यांना..." त्यांनी सुरुवात केली आणि वाक्य सोडून दिलं.

कंपाउंडरांनी खिशातलं पेन काढलं. पान चौदाच्या समासात त्या सुट्या, कोरीव अक्षरात लिहिलं. दही तासभर आधी बाहेर काढावे. फेटावे. पातेले शेगडीवरून खाली घ्यावे. तीन पळ्या गरम रस्सा एकेक करून दह्यात घालावा, दर पळीला फेटावे, मग सर्व पातेल्यात ओतावे. लिहून झाल्यावर पुस्तिका आणि पेन त्यांनी बाईंच्या पुढे सरकवलं.

"सही करा."

"सही कशाला?"

"डॉक्टरांच्या चिठ्ठीत बदल झाला की डॉक्टरांची सही लागते. नाहीतर मी औषध देत नसे. कोणाच्या जिवाशी गाठ असते, बाई."

बाईंनी साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी पेन घेतलं आणि समासात, चुकीच्या शेजारी, आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्यांच्या पुस्तिकेवर त्यांचं नाव उमटण्याची ही पहिलीच वेळ होती. मग त्या साहेबांकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारी काही जाणार नाही पुस्तक. साठच्या साठ मला परत बघावे लागतील." आणि कंपाउंडरांना म्हणाल्या, "तुम्हाला वेळ असला, तर तुम्ही वाचा, तुम्हीच करा. मी बघते."

"दुपारी तीनपर्यंत आहे. नंतर तिला भरवायचं असतं." त्यांनी पान उलटलं आणि ओळीखाली बोट धरलं. "पान पंधरा. 'दही नेहमीप्रमाणे लावून घ्यावे.' नेहमीप्रमाणे म्हणजे कशाप्रमाणे? नेहमी लावणारी तर आमच्याकडे झोपून आहे."

बाईंनी सवयीने श्वास आत घेतला, कपाळाला आठी घातली, आणि तो श्वास तसाच सोडून दिला. स्टूल ओढून त्या त्यांच्या शेजारी बसल्या.

"तो शब्द आधी खोडा," त्या म्हणाल्या. "कुणा मूर्ख बाईने लिहिलाय."

"खोडला," कंपाउंडर म्हणाले आणि पुस्तिका पुढे सरकवली. "इथेही सही."