पायाळू, सत्तर पावलं

मी पायाळू. पायाकडून जन्मली. आमच्याकडं लहान लेकरालेही माहीत असते की पायाळू माणसावर इज पडते. आभाळ गरजलं की माय मले घरात ओढायची, हातातलं काढून ठेवायची, पाटावर बसवायची आन वरून म्हणायची, "हालू नको, मसनात जाशीन." निंदायले वावरात गेलं आन ढग आले, की संगच्या बाया वरडायच्या, "इले दूर बसवा वं, इच्यापायी आपण मरू!" मंग मी एकटी दूर, वावराच्या कडेले धुऱ्यावर बसून भिजत होती. राग येत होता, पण काढता कोणावर? जन्माले येतानाच चूक करून बसली होती मी.

म्हणून सोयरीक जुळली तवा मायनं ही गोष्ट दाबली. नांदुऱ्याचं घर, नवरा टेशन रोडवरचा फोटोवाला, अर्जुनराव. एवढं चांगलं ठिकाण हातचं गेलं तं? "मरेपर्यंत तोंड उघडू नको," मायनं शपथ घातली. आठ महिने मी उघडलं नाही. मंग एक दिवस भर दुपारी आभाळ कडाडलं आन मी भिंतीले टेकून थरथर कापून राह्यली होती. ह्यायनं इचारलं, "काय होते वं तुले?" इतकं मायेनं इचारलं की मी सारं सांगून टाकलं.

ते हासले. म्हणे, "मंजुळा, मी कॅमेऱ्याचा माणूस. असल्या गोष्टी मी मानत नाही."

माय वं, काय सांगू तुमाले! जन्मभराचं ओझं एका वाक्यात उतरवलं त्या माणसानं. त्या दिवशी मी त्यायच्यासाठी पुरण घातलं, सण नाही, वार नाही.

ह्यायले इजेचं याड होतं. लग्नाचे, बारशाचे, मेलेल्या बुढ्याबाढ्यायचे फोटो पोटासाठी काढायचे, पण जीव आभाळात. आमचा मुलूख सपाट. पूर्णेपासून सातपुड्यापर्यंत नजर कुठं अडत नाही, नुसती काळी जमीन आन कपाशी. दसऱ्याच्या आगेमागे, हस्ताचं पाणी यायच्या आधी, संध्याकाळचं जे आभाळ भरून येते ना, ते पाहून माणूस चहा पिणं इसरते. ते म्हणत, "एक असा फोटू काढीन, का मुंबईवाले इचारतीन, हे नांदुरा हाये तरी कोठी!" महाराष्ट्र होऊन तीन वर्सं झाली होती, आन त्यायच्या मते मुंबईले आपलं वऱ्हाड अजून ठाऊकच नव्हतं.

त्या हस्तात ते मले म्हणाले, "चाल माह्यासंगं."

"मी? इजेत?"

"मी मानत नाही म्हटलं ना? मंग तू काऊन भेतं?"

गेली मी. कचरू गाडीवानाची दमणी, हलकी बैलगाडी, ठरलेली असे. चार वाजता निघायचं, जळगाव जामोदच्या रस्त्यानं जायचं, पूर्णेच्या अलीकडे एका उघड्या वावरात थांबायचं. गल्लीत मोठा बोभाटा झाला. शेजारची सत्यभामाबाई म्हणे, "आमचे आमाले बजारालेही नेत नाहीत, आन तुमाले तं आभाळ दाखवायले दमणी! मजा हाये बापा!" मी वरवर लाजली, पण आतून फुगली होती. खोटं कायले बोलू?

काम असं होतं. वावराच्या मधात तिपाई रोवायची, तिच्यावर मोठा लाकडी कॅमेरा. उजेड मावळाले लागला की भिंगाची टोपी काढायची आन इजेची वाट पाहत उभं राह्यचं. चमकली की झटकन टोपी लावायची. फोटू कॅमेऱ्यातल्या काचेवर उमटते; उशीर केला तं आभाळ तिच्यावर पांढरं फट्ट पडते. हे टोपीचं काम माह्याकडं. ते सोता पावलं मोजत दूर जात आन विहिरीजवळच्या गवती खोपडीत बसत, संगं छोटा डबा कॅमेरा. मी पहिल्या दिवशी इचारलं, "तुमी इथं काऊन नाही थांबत?"

"दोघायच्या वजनानं जमीन दबते, तिपाई हालते. आन तुहा हात माह्यापेक्षा थिर हाये."

मले ते पटलं. तीन वर्सं पटलं. सुरुवातीले डोळे मिटून उभी राहत होती. मंग भेव गेलं. इज कोणत्या अंगानं येईन, गरजायले किती येळ लागन, सारं मले कळाले लागलं. एका सांजेले सातपुड्यावर अशी इज पडली, झाडाच्या मुळ्यावाणी फाटत फाटत, आन मी तिले काचेवर बरोबर धरलं. ते म्हणाले, "तुह्या हाताले यश हाये मंजुळा." त्या एका वाक्यावर मी आयुष्यभर उपाशी राह्यली असती.

तिसऱ्या वर्साची गोष्ट. ते काचा धुवायचं औषध आणाले खामगावले गेले होते. दुकानात गावातले किसनराव आले. बापाचा जुना फोटो हवा, म्हणे काच शोधून द्या. आमच्याकडं प्रत्येक काच, प्रत्येक फिलिम कागदी पाकिटात ठेवायची आन वर शाईनं लिहायचं, कोणाची, कवाची, उजेड किती दिला. मी फळीवरचे सारे डबे खाली काढले. सगळ्यात मागं एक पत्र्याचा डबा होता, तो मी कधी पाह्यला नव्हता.

उघडला. छोट्या कॅमेऱ्याच्या फिलमा. एक उजेडासमोर धरली. मधात एक बाई उभी, पदर उडून राह्यला, आन तिच्या चारही बाजूनं आभाळ. मी होती ती. दुसरी धरली, त्यातही मीच. साऱ्यायत मीच, बरोबर मधात. माह्या डोळ्यात पाणी आलं. म्हटलं, पहा वं बाई, लोकायले सांगते इजेचा फोटू काढतो, आन लपून काढते बायकोचा!

मंग पाकिटं वाचली.

"पायाळू. सत्तर पावले. वीज उत्तरेस, तीन वावरे दूर."

"पायाळू. सत्तर पावले. वीज पूर्वेस, बरीच दूर. पुढच्या वेळी उंचवटा पाहावा."

"पायाळू. शंभर पावले. चांदीचे गोठ घालून. वीज एक वावर दूर."

ते हातातले गोठ मले आठवले. त्या दिवशी निघताना ते म्हणाले होते, "गोठ घाल वं, चांगली दिसतं." मी आरशात तीनदा पाह्यलं होतं सोताले.

किसनराव बाहेरून इचारून राह्यले होते, "सापडली का हो काच?" मी म्हटलं, उद्या या. मासे धरणारा गळाले गांडूळ लावते ना, तसं लावून ठेवलं होतं मले तीन वर्सं. आन जी गोष्ट मायनं जगापासून लपवली, ती ज्या एका माणसाले मी सांगितली, त्यानंच तिचा गळ केला.

तरी पहा, बाईची जात किती येडी. मनात म्हणे, असं नसन. नुसतं लिहून ठेवायची सवय असन. कॅमेऱ्याचा माणूस हाये, तो कायले मानन? मी डबा जागच्या जागी ठेवला आन सैपाकाले लागली.

दोन दिवसांनी आभाळ भरलं. गेलो. तिपाई रोवली, तो खोपडीत गेला, मी कॅमेऱ्यापाशी. उत्तरेकडून असा काळा पडदा चालून येत होता की तसं आभाळ मी तीन वर्सांत पाह्यलं नव्हतं. दोन इजा झाल्या. मी टोपी काढलीच नाही. कॅमेरा तसाच सोडला आन खोपडीकडं चालाले लागली.

"काय झालं वं?" तो वरडला. "जाय, जागेवर जाय!"

मी चालत राह्यली.

"मंजुळा, तिथंच थांब! इकडं येऊ नको!"

"काऊन?" मी म्हटलं. "तुमी तं मानत नाही ना?"

तेवढ्यात कडाडली. कुठं पडली, मी पाह्यलं नाही. मी त्याच्याकडंच पाहत होती. तो खोपडीच्या मागल्या बाजूनं निंघाला आन पावसात धूम पळत सुटला. कपाशीत पडला, उठला, पुन्हा पळाला. दमणीत चढून कचरूले वरडला, "हाक, हाक लवकर!" छोटा कॅमेरा त्यानं पोटाशी धरला होता. पळताना त्यानं कॅमेरा नेला. मले नाही.

चिखल तुडवत मी डांबरी रस्त्यावर आली. जळगावहून नांदुऱ्याले येणारी यष्टी थांबली, कंडक्टरनं पोतं दिलं अंगावर घ्यायले. घरी पोचली तं तो चुलीपुढं बसून टावेलानं कॅमेरा पुसून राह्यला होता. मले पाहून म्हणे, "आलीस? मी दमणी पाठवणारच होतो."

मी पत्र्याचा डबा आणून त्याच्यापुढं आपटला. पाकिटं चुलीपुढं सांडली. त्यानं पाह्यली आन हात तिथंच थांबला.

"अवं, पण पडली का कधी तुह्यावर?" तो म्हणे. "तीन वर्सांत एकदा तरी? उलट मी तं तपासून दाखवलं, की पायाळूचं सारं खोटं हाये. तुले आनंद व्हायले पाह्यजे."

"खोटं होतं तं पळाले काऊन?"

त्यानं लाकूड सारलं चुलीत.

"बरं, ते जाऊ द्या," मी म्हटलं. "आन खरं निघालं असतं तं? पडली असती माह्यावर, मंग?"

मले वाटलं आता तरी मान खाली घालन. एक शबूद चुकला म्हणन. पण त्यानं खरंच इचार केला. डोळे वर केले आन काच औषधात टाकल्यावर चित्र उमटाले लागलं की त्याचा चेहरा जसा होत असे, तसा झाला.

"तं तसा फोटू," तो म्हणे, "साऱ्या हिंदुस्थानात कोणापाशी नसता."

रागानं नाही म्हटलं त्यानं. हौसेनं म्हटलं.