चौकातल्या महादेवाचं पाणी

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या चौकात महादेव आहे. देऊळ असं नाही. गुडघ्याएवढा गोल चौथरा, त्यावर घुमटासारखा दगड आणि वर पत्र्याची छपरी. सकाळी आंघोळ करून त्याला तांब्याभर पाणी घालायचं आणि ते घालेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, हा माझा लग्नानंतरचा पहिला नेम. आजेसासूबाईंकडून माझ्याकडे आला. बाकीचे नेम मागाहून जमत गेले.

या महादेवाची ख्याती अशी की तो पाणी पितो. कितीही घाला, घुमटावरून ओघळून कडेच्या फटींत जातं आणि चौक कोरडा राहतो. श्रावणी सोमवारी शेजारच्या चाळींतली माणसं मुद्दाम बघायला येतात. पाणी जातं कुठे, हे कुतूहल मला पहिल्या दिवसापासून. आजेसासूबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ज्याला तहान त्याच्याकडे." पुढे विचारायची सोय नव्हती, पण प्रश्न काही मनातून गेला नाही.

गेल्या वर्षी चाळीच्या पुनर्विकासाचं जमत आलं. आधीचे दोन बिल्डर येऊन गेले होते, हा तिसरा. याच्या नकाशात चौकाच्या जागी खोल खणून पार्किंग होतं आणि महादेवाला वरच्या गच्चीवर नवं देऊळ. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "कुणी स्थापना केलेला देव विधी करून हलवता येतो. स्वयंभू असेल तर त्याची जागा सोडायची नाही." आता हा कुठला, ते कुणालाच ठाऊक नाही. सोसायटीच्या सभेत दोन तट पडले. शेवटी सेक्रेटरी गुरुदत्त म्हणाले, "रोज पाणी घालतात त्या वहिनी. त्यांनीच काय ते सांगावं." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी हो म्हटलं आणि देव स्वयंभू निघाला, तर त्याला जागेवरून उठवल्याचं पाप माझ्या माथी. नाही म्हटलं तर नकाशा बदलणार आणि हाही बिल्डर जाणार. तळमजल्यावरच्या लक्ष्मीबाईंच्या एका खोलीत मुलगा, सून, नातवंडं आणि त्या स्वतः. रात्री सून ओट्याखाली पाय घालून झोपते. त्या मला एका शब्दाने काही म्हणाल्या नाहीत, पण जाता-येता पूर्वी थांबायच्या तशा थांबेनाशा झाल्या. मी पुढच्या सभेपर्यंतची मुदत मागून घेतली.

मधल्या काळात जमीन तपासायला यंत्र आलं. ते काम बघणारी इंजिनियर माझी भाचीच, उर्वी. चौकात भोक पाडता पाडता यंत्राचा दांडा एकदम धसकन खाली गेला. उर्वी वर आमच्या खोलीत आली आणि चहासुद्धा न घेता म्हणाली,

"आत्या, तुमच्या चौकाखाली खोली आहे."

"खोली कसली? टाकी असेल."

"टाकीला कुणी एवढी जाड स्लॅब घालत नाही. युद्धाच्या वेळचा निवारा वाटतोय. बॉम्ब पडले तर माणसांनी लपायला बांधलेला."

तेव्हा मला आजेसासूबाईंचं बोलणं आठवलं. भोंगा वाजला की आम्ही पोरांना काखेला मारून खाली पळायचो, असं त्या सांगत. त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, म्हणून मी आपली समजत होते की चौकात पळत असतील. उघड्या चौकात येऊन बॉम्बपासून काय बचाव होणार, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही.

जिन्यामागच्या अडगळीत मोडके पाळणे आणि गणपतीच्या मखराच्या फळ्या होत्या. त्या काढल्यावर विटांनी बुजवलेलं दार सापडलं. ते फोडून दोन दिवस पंख्याने आत हवा सोडली. मग उर्वी हळूच म्हणाली, "आत्या, महादेव बरोबर त्या खोलीच्या डोक्यावर आहे. मला वाटतं ते हवेचं धुराडं असावं आणि वरचा दगड त्याचं झाकण. पण मी कुणाला बोलले नाही. तू आधी बघ."

"झाकण" हा शब्द मला लागला, खोटं कशाला सांगू. पण त्याहीपेक्षा वाटलं, म्हणजे पाणी जातं कुठे ते आता दिसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, यंत्रं सुरू होण्याआधी जायचं ठरलं. माझं पाणी घालायचं राहिलेलं, म्हणजे तोंड बंद. तांब्या मी लक्ष्मीबाईंच्या हातात दिला आणि महादेवाकडे बोट दाखवलं. उर्वीने त्यांना समजावलं, "आम्ही खाली पोचलो की हाक मारीन. मग हळूहळू ओता." गुरुजींनाही गुरुदत्तांनी बोलावून ठेवलं होतं. माझ्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात गमबूट, पदर खोचलेला. लक्ष्मीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वयनी, बरा दिसता हां तुमका. आता फक्त शिट्टी गळ्यात घाला."

बऱ्याच दिवसांनी त्या माझ्याशी अशा बोलल्या. मला हसू आलं, पण हसण्यापलीकडे उत्तर देता येईना.

पायऱ्या उतरून गेलं की वाट एकदम काटकोनात वळत होती. स्फोटाचा झोत सरळ आत येऊ नये म्हणून, असं उर्वी म्हणाली. पुढे ती बॅटरी घेऊन, मागे गुरुदत्त रुमाल नाकाला लावून. खोली लांबट आणि ठेंगणी. दोन्ही भिंतींना सिमेंटचे कट्टे. भिंतीवर इंग्रजीत लिहिलेलं, चाळीस माणसांसाठी. मी कट्ट्यावर हात फिरवत चालले होते, तर बोटांना रेघा लागल्या. उर्वीला खुणेने बॅटरी मागितली. खिळ्याने कोरलेला कवड्यांच्या खेळाचा पट होता. घरं काढलेली, मधल्या घरात फुली. वर विमानं येतील की नाही याची वाट बघत इथे बायका कवड्या टाकत बसल्या असणार. कोण जिंकत असेल? भोंगा थांबल्यावर डाव अर्धा टाकून जात असतील, की संपवून?

"वहिनी, पुढे चला हो, इथे श्वास कोंडतो," गुरुदत्त म्हणाले.

टोकाला भिंतीशी लाल बादल्यांची ओळ होती. आगीवर टाकायला वाळू भरून ठेवलेल्या. बहुतेक गंजून बसल्या होत्या. छताला तिथे चौकोनी भोक होतं, त्यातून उजेडाच्या बारीक चिरा येत होत्या. आणि त्याच्या बरोबर खाली काहीतरी पांढरं उभं होतं.

तेवढ्यात छतातून आवाज आला. "वयनी, घालू काय?"

गुरुदत्त दचकून मागे सरले. महादेव मालवणीत बोलला असं क्षणभर मलाही वाटलं.

"घाला," उर्वी वर तोंड करून म्हणाली.

आधी धुराड्याच्या विटा ओल्या झाल्या. मग कडेकडेने पाणी जमून थेंब सुटायला लागले. एक, मग दुसरा, सगळे त्या पांढऱ्यावर. उर्वीने बॅटरी धरली. वीतभर उंचीचा, गोल माथ्याचा, गुळगुळीत दगड, ओला होऊन चकाकत होता. माझे हात आपोआप जोडले गेले.

"चुना आहे आत्या," उर्वी हळू बोलत होती. "विटांमधला चुना पाण्यात विरघळतो आणि खाली थेंबाथेंबाने साचतो. तुम्ही सगळ्यांनी घातलेल्या पाण्यानेच झालाय हा."

गुरुदत्तांचा चेहरा उतरला. "वरचा दगड धुराड्यावर माणसांनीच बसवलेला, तो विधी करून हलेल. पण हा कुणी घडवला नाही. म्हणजे स्वयंभूच की हो. मेलो आपण."

मी वाकले. पडणारं पाणी ओंजळीत धरलं आणि त्या माथ्यावर सोडलं. माझा नेम त्या दिवशी तिथे झाला. ओघळ कुठे जातो ते बघत माझी नजर खाली आली. पांढऱ्या थराखाली तांबूस कड होती, गोल, आणि एका बाजूला कडी अडकवायचा कान.

"उर्वी, हा बादलीत आहे," मी म्हटलं.

खरंच होतं. वाळूची बादली धुराड्याखाली राहून गेली होती. पत्रा बराचसा झडला होता, पण चुन्याने वाळू धरून ठेवली होती आणि वर हा वाढला होता. गुरुदत्तांनी लगेच छताकडे तोंड केलं. "गुरुजी, खाली आणखी एक महादेव आहे. आपोआप झालेला. पण बादलीत आहे. आता सांगा."

वरून गुरुजींचा आवाज आला. "बादली भूमीला धरून आहे का? चिकटली असेल तर ती त्याची जागा झाली. सुटी असेल तर गोष्ट वेगळी."

उर्वीने पिशवीतून ओळंब्याची दोरी काढली. बादलीच्या बुडाखालून ती आरपार गेली तर सुटी, अडली तर चिकटलेली. मी म्हटलं, "थांब. दोरी गेली तर मी हो म्हणेन. अडली तर नाही. मग मला कुणी पुन्हा विचारायचं नाही." गुरुदत्तांनी मान हलवली. घाम मात्र पुसत होते.

"म्हणजे ह्यो कौलच झालो," वरून लक्ष्मीबाई म्हणाल्या. "मगे गाऱ्हाणा नको?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी सुरुवात केली. "बा महादेवा, इतकी वर्षा तुका पाणी पाजला..."

"व्हय महाराजा," खालून गुरुदत्त. त्यांचं घराणं मूळचं मुंबईचं, कोकणाशी संबंध नाही. तरी म्हणाले.

"आता ही तुझी लेकरा एका खोलयेत धा जणा निजतत..."

"व्हय महाराजा."

"तर दोरो सरळ जावंदे, आणि जावचो नसात तर तसा सांग, आमचो राग नाय रे महाराजा."

शेवटचं वाक्य त्यांना म्हणायची काही गरज नव्हती. ज्यांची खोली अडकलेली, त्यांनीच ते म्हटलं.

दोरीची दोन टोकं उर्वीने आणि मी धरली. समोरून बुडाशी घातली आणि मागे ओढायला लागलो. थोडी आत गेली, गंजाचा चुरा बाहेर पडला. अर्ध्यावर थांबली. उर्वीने माझ्याकडे पाहिलं. "ओढू का जोराने?"

"नको. जोर करायचा नाही."

तिने हात सैल सोडला. मी दोरी किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे केली, करवतीसारखी, अगदी हलक्या हाताने. छतातून थेंब पडत होते. मग माझ्या बाजूने काहीतरी सुटल्यासारखं झालं, उर्वीच्याही बाजूने झालं, आणि दोरी मागच्या भिंतीशी मोकळी बाहेर आली. पांढऱ्याला कुठे धक्का लागला नव्हता.

"हलवा," मी म्हटलं.

गुरुदत्त मटकन कट्ट्यावर बसले, त्या कवड्यांच्या पटावर.

"वयनी, काय झाला? दोरो गेलो काय? कोणतरी बोला," लक्ष्मीबाईंचा आवाज आला. त्या रडवेल्या झाल्या होत्या.

माझं बोलणं वरपर्यंत पोचलंच नव्हतं. मी धुराड्याखाली जाऊन उभी राहिले. थेंब हेल्मेटवर टपटप वाजत होते. तोंड वर केलं आणि चौकात सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा म्हटलं, "लक्ष्मीबाई, दोरी गेली. हलवा."