आधी काडी, मग खिळा

लेथ थांबवून कातारी पेनावरचा भुसा फुंकत होता. स्वारी भलतीच खुशीत होती. पेनं काय, तो रोजच कातायचा, पण काल त्याने मेहुण्याच्या वस्तऱ्यासाठी शिसवीची मूठ कातली होती आणि ती अशी काही जमली होती की बघत राहावं. त्याने फडक्याने लेथ झटकला. भुशाखालून एक इवलासा पितळी खिळा घरंगळत आला.

त्याने तो चिमटीत उचलून धरला.

आधी काडी, मग खिळा, ही त्याची पद्धत. मुठीतून आणि तिच्यात बसणाऱ्या पात्याच्या शेपटातून आरपार भोक पाडायचं, त्यात बांबूची काडी घालून मूठ नीट बसते का बघायचं, पॉलिश करायचं, आणि सगळं मनासारखं झालं की काडी काढून खिळा ठोकायचा. मेणाचा हात फिरला की काडीही पितळेसारखीच पिवळी दिसते. दुसऱ्याला काय कपाळ कळणार? खिळा इथे पडलाय, म्हणजे वस्तऱ्यात अजून काडीच!

"अगं, फळीवरचा वस्तरा कुठाय?"

"दादा घेऊन गेला की मघाशी," बायको आतून म्हणाली. "आज बाबांची दाढी याच वस्तऱ्याने करणार म्हणाला."

बाबा म्हणजे कातारीचे सासरे. चाळीस वर्षं सलून चालवलेला माणूस, आता अर्धं अंग लुळं पडून घरात बसलेला. जावयाशी त्यांचं कधी जमलंच नाही. 'लाकडं खरवडून कुणाचं पोट भरलंय?' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य.

कातारीने मेहुण्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. हाताला साबण असणार, कसला उचलतोय!

तो तसाच अनवाणी धावत सुटला, खिळा हातात. ओलं झालं की बांबू मऊ पडतो, आणि दाढी म्हटली की पाणी आलंच. देवा, अजून गालावरच असू दे. गळ्यावर नको रे बाबा, गळ्यावर नको.

दार उघडंच होतं. सासऱ्यांनी मान मागे टाकली होती आणि वस्तरा बरोब्बर हनुवटीखाली फिरत होता.

'थांब!' अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. ओरडलो तर मेहुणा दचकणार, आणि तो दचकला तर संपलंच. कातारी चौकट धरून उभा राहिला. पातं किंचित हललं, की त्यालाच तसं वाटलं? एक हात फिरला. दुसरा फिरला. शेवटी मेहुणा पात्यावरचा फेस पुसायला टॉवेलकडे वळला, तशी कातारीने झडप घालून वस्तरा हिसकावला. पातं मुठीतून निसटलं आणि त्याच्या अंगठ्यात घुसलं.

"वेडबिड लागलंय का तुला?" मेहुणा ओरडला.

"काडी आहे त्यात. खिळा मारायचा राहिला." कातारी सासऱ्यांकडे वळला. "बाबा, चुकलं माझं. आज माझ्यापायी तुम्ही..." आणि तो चक्क रडायला लागला.

सासऱ्यांनी चालत्या हाताने गळा चाचपला. मग जावयाकडे बघितलं.

"त्या हातात काय आहे?"

त्याने हात उघडला. खिळा.

"मग ठोक की! रडतोस काय बायकांसारखा? अर्धा गळा राहिलाय."

"बाबा, राहू दे, आपला जुना वस्तरा आणतो," मेहुणा म्हणाला.

"जुना नको. जावयाने केलेल्यानेच करायची म्हणून तर तुला सकाळी तिकडे पिटाळलं."

कातारीने डोळे पुसले. मग अंगठ्याला चिंधी बांधून त्याने उंबऱ्यावर खिळा ठोकला, दोन्ही टोकं चपटी केली, पातं चारदा ओढून बघितलं आणि वस्तरा मेहुण्याच्या हातात दिला. सासऱ्यांनी आपण होऊन मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

कातारी दारातून हलला नाही. शेवटचा फेस पुसून होईपर्यंत त्याने धड श्वाससुद्धा घेतला नाही.