खुंटीवरची शेवटची किल्ली

त्या गल्लीत पूर्वी दिवसाआड पाणी यायचं, आणि तेही दुपारी. दुपारी म्हणजे नक्की कधी, ते विचारू नका. ते पाणी सोडणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. मोठी माणसं कामावर, पोरं शाळेत, आणि इकडे नळ फुसफुसायला लागलेला. पाण्यासाठी दर वेळी रजा कोण देणार? म्हणून गल्लीने आपली एक रीत पाडली होती. कामाला निघताना जो तो घराची किल्ली टोकाच्या घरातल्या मावशीकडे ठेवून जायचा. पाण्याला जोर नव्हता, त्यामुळे नळ अगदी जमिनीलगत. खाली बादली लावायची आणि भरली की उचलून पिंपात ओतायची. मावशी एका घरात बादली लावून दुसऱ्या घरात ओतायला पळायची. तोटी बंद करायची भानगड मात्र नव्हती. तासाभरात पाणी आपलं आपण जायचं.

तिला सगळे किल्लीमावशी म्हणायचे. दाराजवळच्या खुंट्यांवर गल्लीभरच्या किल्ल्या लटकायच्या, आणि कुठली कुणाची ते ती अंधारातही हाताने चाचपून सांगायची. बरं, काम काय नुसतं पाण्याचं होतं? कुणाचं दूध बाहेर राहिलं, ते आत ठेव. कुणाच्या खिडकीतून मांजर शिरलं, त्याला हुसकाव. शिंप्याच्या घरी एकदा इस्त्री चालू राहिली होती, ती हिनेच बंद केली म्हणून घर वाचलं. आणि संध्याकाळी किल्ली घ्यायला आलेल्या माणसाला ती सोडायची होय?

"अगं, दूध असं उघड्यावर टाकून जातात? डोकं कुठे गहाण ठेवलंयस?"

"मावशी, तुमच्याकडेच ठेवलंय, किल्लीबरोबर," गल्लीतला कंडक्टर बायकोच्या वतीने उत्तर द्यायचा. "आमच्या गल्लीत चोर आला तर आधी तुमच्याकडेच येईल, चौकशीला."

"येऊ दे मेला. दोन बादल्या ओतून घेईन त्याच्याकडून."

अशी दारात उभ्या उभ्या दहा माणसं दोन-दोन मिनिटं बोलून जायची. मावशीची संध्याकाळ तेवढीच, आणि तेवढी तिला पुरायची. नवरा कधीच गेलेला. मुलगा लांबच्या शहरात, रविवारी फोन करायचा. मागे एकदा येऊन त्याने दाराला लॅच बसवून दिलं होतं, दार लोटलं की आपोआप लागणारं. "आई, काळ बरा नाही." एक किल्ली तो घेऊन गेला, दुसरी हिच्या डब्यात पडून राहिली. दिवसभर दार सताड उघडं ठेवणाऱ्या बाईला लॅचचं काय कौतुक?

मग नवीन पाइप आले. वर्षभर रस्ता उकरून ठेवला होता, सगळ्यांनी शिव्या घातल्या, आणि एके दिवशी नळाला चोवीस तास पाणी आलं. तेही असं जोरात, की बादली उलटीच व्हावी. त्या दिवशी सगळ्यांत जास्त आनंद मावशीला झाला. तिच्या कंबरेचीच सुटका झाली म्हणा ना! पदराला हात पुसत ती प्रत्येक घरी जाऊन नळ सोडून बघून आली.

पुढच्याच आठवड्यात किल्ल्या जायला लागल्या. कुणी वाकडं बोललं नाही, उलट गोडच बोलले. "मावशी, आता कशाला तुम्हाला त्रास?" ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. त्रास! अरे, तुम्हाला कुणी सांगितलं त्रास होता म्हणून? पण असं तोंडावर कसं म्हणायचं? ती खुंटीवरून किल्ली काढून द्यायची आणि वर म्हणायची, "बरं झालं बाई, सुटले." गरज सरो वैद्य मरो, असं मला म्हणावंसं वाटतं, पण तसंही नव्हतं. माणसं वाईट नव्हती. त्यांच्या डोक्यात फक्त पाणी होतं, एवढंच. आणि आता ते आलं होतं.

एक किल्ली राहिली, शिंप्याची. शिंपी आणि त्याची सून दोघं सकाळपासून दुकानात. सुनेच्या नवऱ्याची नोकरी फिरतीची. दोघांकडे आपापली किल्ली होतीच, म्हणून ही तिसरी परत न्यायची ती माणसं विसरली, आणि मावशीने काही आठवण करून दिली नाही. दुपारी ती खुंटीकडे बघायची आणि मनाला बरं वाटायचं. आहे, एक आहे.

एका दुपारी तिला राहवलं नाही. शिंप्याच्या पिंपाला आतून शेवाळ आलं असणार, असं तिच्या डोक्यात आलं. शेवाळाचं निमित्त, दुसरं काय! दार उघडलं, त्या ओळखीच्या घरात जराशी टेकली, भिंतीवरच्या फोटोंवरची धूळ पुसली. पिंप घासघासून लख्ख केलं, नळाला नळी लावून तिचं टोक पिंपात सोडलं आणि तोटी उघडली. कंबर भरून आली होती. घरी जाऊन जरा आडवी झाली. तोटी बंद करायला हवी, हे मनात आलंच नाही. इतक्या वर्षांत कधी आणावंच लागलं नव्हतं.

संध्याकाळी आरडाओरडा ऐकून ती धावली. शिंप्याच्या घरात घोट्याएवढं पाणी. जमिनीवर रचलेले शाळेच्या गणवेशांचे कापडाचे गठ्ठे भिजून गेलेले, निळ्याचा रंग पांढऱ्यात उतरलेला. सून साडी खोचून पाणी उपसत होती.

"मावशी, तोटी का नाही बंद केलीत?"

"पाणी जाईल म्हणून गं."

"कुठे जाईल?"

मावशी खाली बसली आणि फडक्याने पाणी टिपायला लागली. सुनेने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. रागाने नाही. ते फार वाईट होतं, रागाने ओढलं असतं तर बरं वाटलं असतं.

"राहू द्या मावशी. तुम्ही घरी जा. आणि... किल्ली द्या."

रात्री खुंट्या मोकळ्या झाल्या. मावशी रडली, अगदी तोंडात पदर धरून रडली. कापडाचं दुःख होतंच, पण खरं रडू खुंट्यांचं होतं.

त्यानंतर तिला ताप आला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगला चढला. पाणी प्यायला उठायचं म्हणजे भिंतीला धरून. रात्री लोटलेलं दार तसंच, लॅच लागलेलं. बाहेर माणसं येत होती, जात होती, कंडक्टर कुणाशी तरी हसत होता. "मावशी दिसल्या नाहीत," असं कुणी म्हटलं असेलही. पण दार वाजलं नाही. सगळ्यांच्या घरात शिरून दूध झाकणारी ही बाई. हिच्या घरात शिरायचं तर दार फोडावं लागलं असतं. पडल्या पडल्या तिला ते कळलं.

बरं वाटल्यावर तिने डबा उघडला, लॅचची किल्ली काढली आणि शिंप्याचं घर गाठलं. सून भाकऱ्या थापत होती. मावशी उंबऱ्यातच थांबली.

"ही ठेव तुझ्याकडे."

"ही कुणाची?"

"माझी."

"अहो, पण मी काय करू हिचं? पाणी तर तुमच्याकडेही चोवीस तास आहे."

"पाणी नको गं भरायला." मावशीने किल्ली पुढे केली. "मी आहे की नाही, एवढं बघत जा."

सुनेचे हात पिठात तसेच राहिले. मग तिने हात धुतले, तोटी घट्ट बंद केली आणि किल्ली घेतली.

"बाहेर गेलात आणि दार लागलं तर?"

"बाहेर कुठे जाते मी आता?"

घरी येऊन मावशीने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उजेड असतानाच, ते नीट बंद आहे ना, हे तिने पुन्हा हात लावून पाहिलं. आयुष्यभर जे दार दिवसा कधी आपण होऊन लोटलं नाही, ते लॅच लावून ती समोर खुर्ची टाकून बसली. सायकली गेल्या. शिंपी खोकत गेला. मग पावलं आली आणि थांबली. किल्ली आत शिरली, अडली, उलटी फिरली, पुन्हा अडली.

नवखा हात. डावीकडे फिरवायची असते ती. उठून उघडायला एक क्षण लागला असता.

मावशी उठली नाही. पदर नीट करून, दाराकडे तोंड करून बसून राहिली.