कोऱ्या बुडाचे कप

माझ्या मामांचं कपबश्यांचं दुकान होतं, आणि त्या दुकानात कप सरळ धरणारं गिऱ्हाईक मी कधी पाहिलं नाही. आत यायचं, कप उचलायचा, उलटा करायचा आणि बूड वाचायचं. बुडावर देशाचं नाव. ते वाचून झालं की मगच चेहऱ्यावर आवड नाहीतर नावड उमटायची. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की कुणाकडे चहाला गेले तरी लोक भरलेला कप उलटा करायचे आणि पोळलेली मांडी चोळत म्हणायचे, "वा, बेटांवरचा दिसतोय." आमच्या लॉन्ड्रीवाल्याने चहाच्या डागांसाठी वेगळा हौद बांधला होता. खोटं वाटत असेल तर हौद अजून आहे, हल्ली त्यात बदकं असतात.

मामांनी फळ्याही तशाच लावल्या होत्या. वरची थंडवाल्यांची, कारण थंड देशातल्या कपात चहा जास्त वेळ गरम राहतो असं सगळ्यांचं म्हणणं. त्याखाली बेटवाले, नाजूक. त्याखाली शेजारी देशवाले. त्यांच्याशी तेव्हा आपलं बिनसलेलं, म्हणून त्यांचे कप लोक दुहेरी कागदात बांधून नेत आणि भावाने पाठवले म्हणून सांगत. सगळ्यात खाली आपले. ते अभिमानाने विकत घ्यायचे आणि पाहुण्यांसमोर काढायचे नाहीत.

माल आणायचे मामा. मामी बसायची कोपऱ्यात, कागद आणि सुतळी घेऊन, बांधाबांध करायला. आलेल्या प्रत्येक कपाला ती गुंडाळता गुंडाळता मनातल्या मनात नापास करायची. ते तिच्या तोंडावर दिसायचं. हा फार जड, ह्याच्या काठाला ओठ अडतो, ह्याच्या कानात बोट अडकलं तर साबण लावून काढावं लागेल. पण खरेदीबद्दल तिला कुणी विचारलं नाही.

मग मामांचा पाय मुरगळला आणि घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात मामीला जावं लागलं. आली ती हातगाडीवर एक मोठी पेटी घेऊन.

मामांनी पेंढ्यातून पहिला कप काढला. पांढरा, पातळ, कडेला एक निळी रेघ. त्यांनी तो सवयीने उलटा केला आणि तसेच थांबले. बूड कोरं.

"अगं, खाली काहीच नाही."

"वर आहे की. हातात धरून बघा."

"हातात धरून काय कळणार?"

"चहा पिताना आम्ही कप हातातच धरतो. निदान आमच्या माहेरी तरी."

मामांनी दुसरा काढला, तिसरा काढला. सगळे कोरे. त्यांनी सुजलेला पाय स्टुलावर ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "तू साक्षीला आहेस. ही पेटी रिकामी झाली, तर यापुढे खरेदी हिने करायची, मी बसतो सुतळी घेऊन. नाही झाली, तर हिने पुन्हा गोदामाचं नाव काढायचं नाही."

"भाच्यासमोर बोललात," मामी म्हणाली. "आता फिरवाफिरवी नको." आणि तिने कप दारासमोरच्या टेबलावर मांडले.

पहिल्या आल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी कप उचलला, कानात बोट घातलं आणि खुलल्या. "किती हलका हो. आणि बोट कसं मोजून घेतल्यासारखं बसतं." मामीची मान थोडी उंच झाली. मग बाईंनी कप उलटा केला.

"कुठला आहे?"

"ठाऊक नाही."

"असं कसं? कुठला ते सांगा, म्हणजे आवडला का ते सांगते."

"आत्ताच तर आवडला म्हणालात."

"तो घाईत आवडला," बाई म्हणाल्या, आणि चटका बसल्यासारखा कप खाली ठेवला.

त्यांच्यामागे निवृत्त हेडमास्तर. हे आपल्या देशाचं सोडून दुसरं काही वापरत नसत. त्यांनी बूड दोनदा पाहिलं. "समजा, मी घेतला आणि उद्या हा शेजाऱ्यांचा निघाला तर?"

"निघाला तर निघाला."

"पण तोवर मी त्यातून चहा प्यायलेलो असेन. तो बाहेर कसा काढू?"

मामा कोपऱ्यातून हसले, पाय दुखत असूनही.

मला मामीची दया आली. मी हळूच म्हटलं, "मामी, थंडवाल्यांच्या चिठ्ठ्या फडताळात पडल्यात. चिकटवू का?"

"मग खपलं काय? कप की चिठ्ठी?"

"पेटी रिकामी होईल."

"चिठ्ठ्या तुझे मामाही विकतात. त्यासाठी मी कशाला हवी?"

मी चिठ्ठ्यांचा नाद सोडला.

पण गावात बोभाटा झाला, की मामांच्या दुकानात बेवारशी कप आलेत. लोक ओळखायला येऊ लागले. बोटीवर नोकरी केलेले एक काका होते, त्यांनी बूड जिभेने चाटलं आणि डोळे मिटून सांगितलं, "खारट. समुद्राकाठचा माल." त्यांच्यामागच्यानेही तोच कप चाटला आणि त्यालाही खारट लागला, पण तो खारटपणा काकांच्या जिभेचा होता. हेडमास्तर कप कानाला लावून कुठली भाषा ऐकू येते का ते बघत. डॉक्टरीणबाईंनी एक कप उशाखाली घेऊन झोपायची परवानगी मागितली, म्हणजे स्वप्नात तो देश दिसेल. सकाळी परत आणला तेव्हा म्हणाल्या, की स्वप्नात नुसता चहा दिसला, त्यात साखर कमी होती.

दुकानात पाय ठेवायला जागा नाही आणि विक्री शून्य. बघून बघून माझंही डोकं चालेना. तोच कप सकाळी मला थंडवाल्यांचा वाटे, दुपारी शेजाऱ्यांचा वाटून त्याचा राग येई, आणि दिवे लागले की उगाच आपला वाटून त्याच्यात खोट दिसायला लागे.

शेवटी मामांनीच वैतागून व्यापाऱ्याला फोन लावला. गर्दी फोनकडे सरकली.

"अहो, ती निळ्या रेघेची पेटी. माल कुठला?"

व्यापाऱ्याचा आवाज एवढा मोठा, की रिसीव्हर मामांच्या कानाला आणि ऐकू सगळ्यांना. "माती बेटांवरची. साचा थंडवाल्यांचा. भाजले शेजाऱ्यांकडे. कान चिकटवले आपल्याकडे."

"आणि निळी रेघ?"

"ती बोटीवर ओढली. बोट तेव्हा कुठे होती ते कप्तानालाही सांगता आलं नाही."

"मग खाली नाव कुणाचं टाकायचं?"

"म्हणून तर टाकलं नाही. तिकडे चौघंही भांडली. तुम्हाला हवं ते टाका, माझी ना नाही."

मामांनी फोन ठेवला. दुकानात अशी शांतता, की हेडमास्तरांच्या हातातल्या कपातून भाषा ऐकू आली असती.

मामीने पुठ्ठा घेतला आणि व्यापारी बोलला ते सगळं, निळ्या रेघेसकट, लिहून टेबलावर उभं केलं. मला वाटलं, आता तरी लोकांचा जीव भांड्यात पडेल. कसचं काय. आधी एक शंका होती, आता पाच झाल्या.

हेडमास्तर पुठ्ठा वाचून म्हणाले, "भाजणं शेजाऱ्यांचं आहे. ते वगळून मिळेल का?"

"म्हणजे कच्चा कप?"

ते विचारात पडले. "कान आपला आहे ना? मग मला कान द्या. सहा कान."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कान आपल्याकडचा म्हणजे आज ना उद्या निखळणारच. दातांचा अनुभव आहे मला. मला बिनकानाचे सहा."

"तोडून मिळणार नाही," मामी म्हणाली. "अख्खा कप घ्यायचा. घरी नेऊन त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सहा कप भागीत घेतले. दुकानाच्या पायरीवर बसून हेडमास्तरांनी पेन्सिलीच्या टोकाने टकटक करत सहाही कान अलगद उतरवले, खिशात घातले, आणि बाई सहा वाट्या घेऊन घरी गेल्या. ते पाहिल्यावर लोकांना वाट सापडली. बेटवाल्यांचे चाहते शेजाऱ्यांच्या चाहत्यांना गाठू लागले. माती कुणाची, भाजणं कुणाचं, हे कपातून वेगळं करता येत नाही, तर एक दिवस तू प्यायचंस, एक दिवस मी, असे करार झाले. एकाच वाड्यातले, वर्षानुवर्षं न बोलणारे दोघे एका कपावरून बोलायला लागले आणि कपावरूनच पुन्हा बोलायचे थांबले. बोटीवरच्या काकांनी तीन घेतले, रेघेसाठी, कारण ती बोट बहुधा त्यांची होती. बहुधा.

पेटीत पेंढा उरला.

"हे खपणं नव्हे," मामा म्हणाले. "एक कप दोन घरांत, कान खिशात. हा कुठला हिशेब?"

"पेटीत हात घाला," मामी म्हणाली.

मामांनी खरंच घातला, पार कोपरापर्यंत, आणि पेंढा बाहेर काढला.

मामा आत गेल्यावर मामी माझ्याजवळ आली. तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही दिसेना. "मी ते कप घेतले, कारण कानात बोट छान बसत होतं," ती म्हणाली. "आता कान हेडमास्तरांच्या खिशात आणि कप बाईंच्या फडताळात. मग लोकांनी घेतलं ते काय रे? मी जिंकले का?"

"पेटी तर रिकामी आहे," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. कप धरल्यासारखी बोटं तिने हवेत वाकवली, आणि सोडून दिली.

पण मामा शब्दाचे पक्के. पुढच्या आठवड्यात ते सुतळीपाशी बसले आणि पहिल्याच गिऱ्हाइकाचा कप बांधताना स्वतःचा अंगठाही गाठीत घेतला. मामी पिशवी घेऊन निघाली. तेव्हा ते अंगठा सोडवत मागून ओरडले, "अगं, या खेपेला निदान कुठून आणतेस ते तरी सांगून जा."

मामी वळली. क्षणभर तीही गोंधळल्यासारखी दिसली.

"गोदामातून," ती म्हणाली, आणि गेली.